‘सही-शिक्क्याची आवश्यकता नाही’ या ओळीवरच बसलेला शिक्का

प्रति,
मा. महसूल मंत्री आणि मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई ४०००३२

विषय : शासनाने डिजिटल सहीने दिलेला कागद शासनाच्याच कचेऱ्यांनी स्वीकारावा, असा नियम करण्याबाबत.

महोदय,

स.न.वि.वि. जालना जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, तहसील कचेरीसमोर माझं सेवा केंद्र आहे. दोन कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन, एक प्रिंटर आणि बाहेर लोकांना टेकायला बाकडं. उत्पन्नाचे दाखले, नॉन-क्रिमीलेअर, सातबारा, आठ-अ, फेरफार हे दिवसभर चालू असतं. मी वकील नाही. पण कागद कुठं अडतो हे मला चांगलं कळतं, कारण अडलेला माणूस उन्हातून परत माझ्याच बाकड्यावर येऊन बसतो.

मागच्या जूनमधलं सांगतो. पेरणी तोंडावर आलेली. एक मामा पीक कर्जासाठी सातबारा न्यायला आले. मी पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा उतारा काढून दिला. खाली छापलेलं होतं की हा अभिलेख डिजिटल स्वाक्षरीत असल्यामुळे त्यावर कोणत्याही सही-शिक्क्याची आवश्यकता नाही. शेजारी पडताळणीचा सोळा अंकी क्रमांक. मामा बँकेत गेले. तिथले साहेब म्हणाले, “यावर तलाठ्याचा शिक्का आणा.” मामा सज्जावर गेले. तलाठी म्हणाले, “मामा, वाचा की, शिक्का लागत नाही म्हणून सरकारनंच लिहिलंय.” मामा पुन्हा बँकेत. साहेब म्हणाले, “ते सरकारचं झालं, आमच्या फाइलला लागतो.” तिसऱ्या दिवशी तलाठ्यांना दया आली आणि त्यांनी शिक्का उचलून दिला दाबून. कागदावर मोकळी जागा तळाशीच होती. त्यामुळे जांभळ्या शाईचा तो गोल शिक्का नेमका ‘आवश्यकता नाही’ या शब्दांवर बसला. बँकेनं कागद घेतला. मामांच्या तीन खेपा एसटीने झाल्या आणि पंधरा रुपयांचा सातबारा त्यांना किती रुपयांना पडला ते त्यांनीच बाकड्यावर बसून मला बोटावर मोजून दाखवलं.

त्या कागदाची झेरॉक्स मी ठेवून घेतली आहे. हे पत्र तिच्यामुळेच लिहितोय.

२०१८च्या महाराष्ट्र दिनापासून डिजिटल सहीचा सातबारा मिळायला लागला तेव्हा मला खरोखर आनंद झाला होता. आजही आहे. तलाठी कुठल्या वारी कुठल्या गावात आहेत याचा शोध घेत फिरण्याचे दिवस मी पाहिलेत. देणाऱ्या हाताबद्दल माझी तक्रार नाही. घेणारा हात पुढे येत नाही, एवढंच म्हणणं आहे. आणि तो का येत नाही हे शोधायला मी माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० काढून बसलो. संध्याकाळी लाइट गेली होती, मोबाईलवरच वाचला. एकदा वाचून कळला नाही, म्हणून वकीलसाहेबांकडून समजून घेतला.

त्यात कलम ४ म्हणतं की कायद्याला लेखी कागद लागत असेल तिथं इलेक्ट्रॉनिक अभिलेख चालेल. कलम ५ म्हणतं की सही लागत असेल तिथं इलेक्ट्रॉनिक सही चालेल. कलम ६ म्हणतं की सरकारी कचेरीत अर्ज करणं, दाखला देणं, पैसे भरणं हे सगळं त्या पद्धतीनं करता येईल. वाचताना छाती फुगत जाते. मग कलम ९ येतं. ते म्हणतं की कलम ६, ७ आणि ८मुळे कोणाही माणसाला असा हक्क मिळत नाही की सरकारी खात्यानं किंवा सरकारच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेनं कागद इलेक्ट्रॉनिक स्वरूपात स्वीकारलाच पाहिजे, असा त्यानं आग्रह धरावा.

मी ते वाक्य वकीलसाहेबांना दोनदा वाचायला लावलं. म्हणजे कागद खरा, सही खरी, कायद्यानं मान्य. पण घ्याच असं म्हणायची सोय नाही. दारात पाहुण्याला ‘या, बसा’ म्हणायचं आणि खुर्ची मात्र आत उचलून ठेवायची, त्यातला प्रकार. २००० साली हे कलम घालण्यात शहाणपण असेलही. तेव्हा निम्म्या कचेऱ्यांत कॉम्प्युटर प्लास्टिकच्या झाकणाखाली होते. आग्रह धरला असता तर क्लार्कनं कागद उघडायचा कशावर? पण त्याला आता पंचवीस वर्षं झाली. आज अर्ज ऑनलाइनच करा म्हणून सक्ती आहे. सक्ती आमच्यावर आणि सवलत कचेरीला, हे काही बरोबर नाही.

कायदा केंद्राचा आहे, आम्ही काय करणार, असं उत्तर येईल हे मला माहीत आहे. म्हणून तेही वाचून ठेवलंय. त्याच अधिनियमाच्या कलम ९०नं राज्य सरकारला राजपत्रात अधिसूचना काढून नियम करायचा अधिकार दिला आहे. कलम ६ खाली कोणता कागद कोणत्या इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दाखल करायचा, द्यायचा, घ्यायचा हे त्या नियमांतच ठरतं. जमीन आणि जमिनीचे अभिलेख हे विषय घटनेनं राज्याच्याच सूचीत ठेवले आहेत. कलम ९ एवढंच सांगतं की आधीच्या कलमांतून हक्क निघत नाही. राज्यानं आपल्या कचेऱ्यांना ‘तुम्ही हा कागद घ्यायचाच’ असं नियमानं बांधून घ्यायला ते आड येत नाही, असं वकीलसाहेबांचं मत आहे आणि मलाही ते पटलं.

आता क्लार्कची बाजू. मी रोज त्यांच्यासोबत चहा पितो, त्यामुळे ती सांगितल्याशिवाय पुढं जाणं मला जमणार नाही. परवा एक बाबूसाहेब म्हणाले, “दादा, उद्या हा उतारा बोगस निघाला तर चौकशी कुणाची लागणार? शिक्का असला तर तलाठ्याची. शिक्का नसला तर माझी.” माणूस आळशी नाही, भ्यालेला आहे. आणि भीतीला कारण आहे. पीडीएफमधलं नाव बदलून छापून आणणारे महाभाग आहेत. वेबसाइटवर फुकट दिसणारा सातबारा आणि पंधरा रुपयांचा सहीचा सातबारा हे छापल्यावर लांबून सारखेच दिसतात. फुकटच्यावर लिहिलेलं असतं की ही माहिती शासकीय किंवा कायदेशीर कामासाठी वापरता येणार नाही. पण ती ओळ कापून झेरॉक्स काढायला कितीसा वेळ लागतो? क्यूआर कोडचंही तेच. चौकोन कुणीही छापू शकतो. तो मोबाईलनं स्कॅन केल्यावर भलत्याच, पण हुबेहूब दिसणाऱ्या पानावर गेलात तर ते पानही ‘बरोबर’ असंच सांगणार. म्हणून मी माझ्या पोराला शिकवलंय, कोड स्कॅन करून समाधान मानायचं नाही. सरकारची साइट आपण स्वतः उघडायची, सोळा आकडे आपण टाइप करायचे आणि समोर येणारा उतारा हातातल्या कागदाशी ताडून बघायचा. दोन मिनिटांचं काम आहे. शिक्का खोटा असेल तर तो ओळखायला काय साधन आहे? शिक्का बनवून देणारा तर माझ्यापासून चार दुकानं सोडून बसतो.

फाइलवरच्या सहीचा आणखी एक घोळ आहे आणि तो कुणी नीट समजावूनच सांगितलेला नाही. पीडीएफ उघडली की सहीच्या जागी बऱ्याचदा पिवळं प्रश्नचिन्ह येतं आणि इंग्रजीत शेरा येतो की सही पडताळलेली नाही. ते बघून साहेब म्हणतात, “बघा, सरकारचाच कॉम्प्युटर खोटं म्हणतोय.” तो खोटं म्हणत नाही. त्या सॉफ्टवेअरच्या ओळखीच्या यादीत भारताच्या प्रमाणन प्राधिकरणांवरच्या, म्हणजे डिजिटल सह्या देणाऱ्या संस्थांवरच्या, नियंत्रकाचं मूळ प्रमाणपत्र नसतं, म्हणून तो म्हणतो की या सहीमागं कोण उभा आहे त्याला मी ओळखत नाही. ते प्रमाणपत्र एकदा विश्वासाच्या यादीत घातलं की त्याच सहीवर हिरवी खूण येते आणि त्या मशीनवर पुढंही येत राहते. एका मशीनला पाच मिनिटं. राज्यातल्या प्रत्येक कचेरीच्या मशीनवर हे एकदा करून द्यायला किती खर्च येईल? मी माझ्या समोरच्या कचेरीत एका मशीनवर करून दिलं, फक्त एका चहावर. पुढच्या महिन्यात त्यांनी मशीन बदललं आणि प्रश्नचिन्ह परत आलं.

आणि आता माझा स्वतःचा गुन्हा कबूल करतो. डिजिटल सही म्हणजे कागदावरचं चित्र नव्हे. सही करताना त्या फाइलमधल्या एकूण एक अक्षरावरून एक आकडा निघतो आणि तो अधिकाऱ्याच्या गुप्त किल्लीनं बंद होतो; फाइलमधला एक स्वल्पविराम जरी हलला तरी आकडा जुळत नाही आणि सही बोंब मारते. ताकद आहे ती यात. पण ती फाइलमध्ये आहे, छापलेल्या कागदात नाही. आता पोर्टल माझ्याकडं काय मागतं? ‘कागदपत्राची स्कॅन केलेली प्रत, जेपीईजी, अमुक केबीच्या आत.’ मग मी काय करतो? डिजिटल सहीची पीडीएफ प्रिंटरवर छापतो. ती स्कॅनरवर ठेवतो. अर्जदाराची सही घेऊन ‘स्वयंसाक्षांकित’ करतो. मग ती केबीत बसेपर्यंत इतकी दाबतो की सोळा अंकी क्रमांकातला ३ आणि ८ एकसारखा दिसायला लागतो. म्हणजे जिवंत सहीचा कागद मी स्वतःच्या हातानं मारतो आणि त्याचा फोटो सरकारला चढवतो. दिवसातून तीस-चाळीस वेळा. याचे पैसेही घेतो. धंदा माझा आहे, तक्रारही माझीच आहे, हे तुम्हाला विचित्र वाटेल; पण हे काम बंद झालं तर मी दुसरं काहीतरी करीन.

खरं तर त्याच कायद्याचं कलम ७ सांगतं की इलेक्ट्रॉनिक अभिलेख जपायचा तर तो पुढंही उघडता आला पाहिजे, ज्या स्वरूपात तयार झाला त्याच किंवा अचूक दाखवता येईल अशा स्वरूपात राहिला पाहिजे, आणि तो कुठून आला, कुठं गेला, कोणत्या तारखेला व वेळेला, हे त्यावरून कळलं पाहिजे. आमच्याकडच्या कचेऱ्यांत मेलवर आलेली पीडीएफ छापतात, पंच करून फाइलला लावतात आणि मेल डिलीट करतात. अभिलेख जपल्याचं समाधान पंचिंग मशीनला.

हे जपण्याचं दुखणं किती महागात पडू शकतं याचं सर्वांत मोठं उदाहरण आमच्याच जालन्याचं आहे. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले आणि कैलास गोरंट्याल यांनी उच्च न्यायालयात निवडणूक याचिका केली. खोतकरांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर घेतला, असा मुद्दा होता. निवडणूक कचेरीतलं चित्रीकरण होतं. घड्याळ आणि माणसं सगळं त्यात. पण पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खाली असा इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायचा तर तो कोणत्या यंत्रातून कसा निघाला हे सांगणारं प्रमाणपत्र सोबत लागायचं, आणि कॅमेरा तर कचेरीचा! वारंवार मागूनही ते प्रमाणपत्र मिळालं नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि जुलै २०२०मध्ये तीन न्यायमूर्तींनी सांगितलं की प्रमाणपत्र लागतंच, पण पक्षकारानं मागूनही संबंधित यंत्रणा देत नसेल तर न्यायालयानं ते हजर करायला लावावं. अशक्य ते करून दाखव असं कायदा माणसाला म्हणत नाही. तोवर त्या विधानसभेची मुदत संपून पुढची निवडणूकही होऊन गेली होती. देशभरातल्या वकिलांच्या तोंडी असलेला हा निकाल जालन्याच्या एका कचेरीतल्या व्हिडिओवरून आला, याचं आमच्याकडं कुणाला फारसं कौतुक नाही. मला आहे.

१ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष अधिनियम आला. त्यात कलम ६५-बच्या जागी कलम ६३ आहे आणि प्रमाणपत्राचे दोन भाग झालेत. एक अभिलेख देणाऱ्यानं भरायचा, दुसरा तज्ज्ञानं, आणि दोन्हींत फाइलमधल्या अक्षरांवरून निघणारा तो मघाशी सांगितलेला आकडा लिहायचा. बांधावरच्या भांडणात व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज पुरावा म्हणून द्यायचाय म्हणून एक ताई परवा आल्या होत्या. मी त्यांना वकिलाकडं पाठवलं. दुसऱ्या भागासाठी तज्ज्ञ कुठं शोधायचा, हे त्यांनी मला परत येऊन विचारलं.

सगळीकडंच डिजिटल सही घ्या असं माझं म्हणणं नाही. मृत्युपत्र, न्यास आणि बहुतेक मुखत्यारपत्रं या कायद्यातून बाहेर ठेवली आहेत, आणि मुखत्यारपत्राच्या बाबतीत ते ठीकच आहे. माझा मावसभाऊ न्यू जर्सीत असतो. तिकडं या विषयाचा प्रत्येक राज्याचा वेगळा कायदा आहे, त्याच्या राज्याचा २००१चा. घरभाड्याचा करार त्यानं लोकलमध्ये उभ्या उभ्या फोनवर सही करून टाकला. पण इथल्या वाटणीसाठी मुखत्यारपत्र द्यायचं म्हटल्यावर त्याला कागदावर सही करून तिकडं ते साक्षांकित करावं लागलं, आणि इकडं आल्यावर तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरावं लागलं. तो वैतागला. मी त्याला म्हटलं, बाबा, म्हाताऱ्या माणसाचा अंगठा फोनवर घेऊन जमीन फिरवणारे लोक मी रोज बघतो, इथं जरा त्रास झालेलाच बरा.

जिथं राज्यानं मनावर घेतलं तिथं जमलंही आहे. लिव्ह अँड लायसन्सचा करार आज घरी बसून, अंगठ्याच्या ठशावर नोंदवता येतो. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत रांग नाही. चौकातला हवालदार डिजिलॉकरमधला परवाना बघून गाडी सोडतो, कारण त्याला तसं स्पष्ट लिहून मिळालंय. हवालदार घेत होता आणि टेबलामागचा बाबू घेत नव्हता, याचं कारण त्या लेखी आदेशात होतं. बाबूला तसं परिपत्रक मिळालं ते डिसेंबर २०२५मध्ये, तेही सातबाऱ्यापुरतं; मला हवा आहे तो सगळ्या दाखल्यांचा नियम.

म्हणून मागणी एवढीच. कलम ९० खाली एक छोटा नियम करा. राज्य शासनानं इलेक्ट्रॉनिक सहीनं दिलेला कोणताही दाखला किंवा उतारा राज्याच्या कोणत्याही कचेरीत, महामंडळात, जिल्हा परिषदेत, पालिकेत फाइल म्हणून किंवा नुसता क्रमांक सांगून दाखल करता येईल. पडताळणी करायचं काम घेणाऱ्याचं. ज्या कर्मचाऱ्यानं सरकारी साइटवर क्रमांक तपासून तारीख-वेळ नोंदवली, त्याच्यावर पुढं त्या कागदाबाबत जबाबदारी येणार नाही, हे त्या नियमात ठळक लिहा. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच. आणि कागद नाकारायचा असेल तर कारण लिहून, सही करून द्यायचं. तोंडी ‘शिक्का आणा’ चालणार नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ मध्ये सेवा वेळेत न देणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार दंडाची तरतूद आहेच. कारण न लिहिता कागद परत करणंही त्यात बसवा. पोर्टलवर ‘स्कॅन करून चढवा’ या चौकोनाशेजारी ‘पडताळणी क्रमांक टाका’ असा दुसरा चौकोन द्या, म्हणजे माझा स्कॅनर थोडा विसावेल.

बँका तुमच्या हाताखाली नाहीत, हे मान्य. पण खरीपाच्या आधी राज्यस्तरीय बँकर्स समितीची बैठक होते, तिला मुख्यमंत्री बसतात. पीक कर्जाचे आकडे तिथं दरवर्षी वाचले जातात. यंदा त्यात एक विषय वाढवा की डिजिटल सातबाऱ्यावर शिक्का मागणारी शाखा लेखी कारण देईल. जिल्हा बँका तर सहकार खात्याच्या नजरेखालीच आहेत.

जाता जाता एक अप्रिय गोष्ट. अधिकाऱ्याची डिजिटल सही ज्या डोंगलमध्ये असते, तो डोंगल ऑपरेटरच्या मशीनला दिवसभर टोचलेला आणि पिन मॉनिटरला चिकटवलेल्या चिठ्ठीवर, असं मी एकाहून जास्त ठिकाणी बघितलंय. ठिकाणं सांगणार नाही, मला तिथंच धंदा करायचाय. पण कलम ४२ म्हणतं की किल्ली ज्याची त्यानं सांभाळायची. उद्या एखादा बनावट दाखला खऱ्या सहीनं निघाला तर तो सगळ्या पडताळण्यांतून पास होईल आणि मग शिक्का मागणारे बाबू म्हणतील, “आम्ही तेव्हाच सांगत होतो.” तसंच चुकीचा सातबारा. हस्तलिखितावरून टाइप करताना गट नंबर किंवा क्षेत्र चुकलेले उतारे अजून आहेत, आणि डिजिटल सहीनं चूक दुरुस्त होत नाही, फक्त पक्की होते. जमीन महसूल संहितेच्या कलम १५५च्या दुरुस्तीचे अर्ज घेऊन लोक माझ्याकडं येतात तेव्हा त्यांना शिक्का नको असतो, वडिलांचं नाव नीट लिहिलेलं हवं असतं.

सोबत त्या उताऱ्याची प्रत जोडली आहे. मामांचं नाव, गाव आणि गट क्रमांक खोडला आहे. शिक्का तळाशी उजवीकडं आहे. त्याच्या आतून ‘आवश्यकता’ हा शब्द अजून वाचता येतो.

मूळ पीडीएफ माझ्याकडं आहे. मागितलीत तर पाठवीन, फक्त छापून मागू नका.

आपला,
एक सेवा केंद्र चालक,
जि. जालना